कागद आहे?

आज विधी पदवीधर झालेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरात आजवर कोर्टाची पायरी चढली असेल ती पक्षकार म्हणून. वकील म्हणून चढणारे तुम्ही पहिलेच. आणि तुम्ही चांगल्या वेळी निघाला आहात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसू लागलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. त्याआधी आमच्या पक्षकाराचं अपील म्हणजे रात्रीची मुंबई गाडी, तिथल्या वकिलाच्या हाती दिलेली फाईल आणि मग महिनोन्‌महिने फोनची वाट. चार दशकांहून जास्त काळ इथल्या वकिलांनी ही मागणी लावून धरली. त्यातले बरेच जण हा दिवस पाहायला राहिले नाहीत. त्यांनी मागितलेलं तुम्हाला मिळालं आहे.

आता मुलं मला नेहमी विचारतात, ते सांगते. “मॅडम, वकिलीत पुढे कसं जायचं?” एका न्यायाधीशांनी मला सव्वा वर्ष विचारलेल्या दोन शब्दांत माझं उत्तर आहे.

सनद मिळून दुसरं वर्ष चालू होतं. तालुक्याचं कोर्ट, दोन भावांमधला बांधाचा वाद, वीस गुंठ्यांचा तुकडा. आमचा पक्षकार थोरला. सिनिअर जिल्ह्याला गेलेले, म्हणून निशाणी ५ च्या अर्जावर मी एकटी उभी राहिले. समोरच्याला नोटीस जायची होती, आम्हाला त्याआधीच तात्पुरता मनाई हुकूम हवा होता. न्यायाधीशांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “या जागेवर पूर्वी काही दावा झालाय का?”

झाला होता. त्या दाव्यातल्या तडजोड हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल आदल्या रात्री मी फाईलमध्ये पाहिली होती. त्यात तो तुकडा धाकट्याकडे होता. मी म्हणाले, “माझ्या माहितीप्रमाणे नाही.”

हुकूम मिळाला. बाहेर पक्षकाराने हात जोडले, पेढे आणले. आठ दिवसांनी धाकटा हजर झाला आणि त्याच्या वकिलाने तीच नक्कल समोर ठेवली. न्यायाधीश रागावले नाहीत, ताशेरे ओढले नाहीत. त्यांनी हुकूम उठवला आणि पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं. मला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या आठवड्यात एका वेगळ्याच प्रकरणात साक्षीदार आजारी होता, म्हणून मी तारीख मागितली. न्यायाधीशांनी मान वर केली. “कागद आहे?” माझ्या शेजारच्या वकिलाने त्याच दिवशी, त्याच कारणासाठी तारीख मागितली होती, ती नुसत्या शब्दावर मिळाली. त्यानंतर जवळजवळ सव्वा वर्ष मी काहीही सांगितलं, की आवाज न चढवता तेच: “कागद आहे?” बेंच क्लार्कसुद्धा माझं नाव पुकारलं, की हात पुढे करून बसायचा.

कोर्टाचं काम अर्ध्याहून अधिक शब्दावर चालतं, हे कॉलेजात कुणी मुद्दाम शिकवत नाही. वकील उभा राहतो आणि म्हणतो, समन्स बजावलं आहे, पक्षकार वाटेत आहे, आम्ही तडजोड करतो आहोत. न्यायाधीश मान हलवतात, रोजनाम्यात ओळ लिहिली जाते, काम पुढे सरकतं. तुमच्या शब्दामागे प्रत्येक वेळी कागद मागावा लागला, तर दिवसाचा बोर्ड संपणारच नाही. म्हणून ज्याचा शब्द चालतो त्याचं काम लवकर होतं, आणि ज्याचं काम लवकर होतं त्याच्याकडे पक्षकार येतो. माझ्या मते वकिलीतली वाढ ती हीच. चेंबर, गाडी, नावाची पाटी हे सगळं मागून येतं. कधी येतही नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या वकिलीच्या दिवसांतली एक हकिकत गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे. लवादाचा निवाडा त्यांच्या पक्षकाराच्या बाजूने लागला होता. हिशोब पाहताना लक्षात आलं, की नावे पडायला हवी होती ती रक्कम जमेला पडली आहे. समोरच्याने निवाड्याला आव्हान दिलं होतं, पण ही चूक त्याच्या ध्यानात आलेली नव्हती. गांधीजी त्या कामात ज्युनिअर. सिनिअर म्हणाले, आपल्या पक्षकाराच्या विरुद्ध जाणारी गोष्ट कबूल करायचं वकिलावर बंधन नाही, अख्खा निवाडा रद्द होईल. गांधीजी म्हणाले, झाला तर होऊ दे. चूक कबूल करायची असेल तर मी उभा राहणार नाही, असं सिनिअरनी सांगितलं. तेव्हा पक्षकाराने गांधीजींनाच उभं केलं. सुरुवातीला न्यायमूर्तींनी त्यांनाच लबाडीवरून टोचलं. मग गांधीजींनी हिशोब समजावून दिला, चूक दुरुस्त झाली आणि निवाडा कायम राहिला. मला यात त्या पक्षकाराचं धाडस जास्त मोठं वाटतं. पैसा त्याचा होता. पण असा पक्षकार आभाळातून पडत नाही. ऑफिसात बसून त्याला खरं सांगणारा वकील असला, तरच तो घडतो.

तुमच्या पिढीपुढे खरं सांगण्याचा हाच प्रश्न नव्या रूपात येतो आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘माता विरुद्ध एव्हियान्का’ या प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे कोर्टात दाखल केले. हे निवाडे सापडत नाहीत असं समोरच्या बाजूने सांगितल्यावरही त्यांनी लगेच माघार घेतली नाही. ५ हजार डॉलर दंड झाला. यंत्राची मदत जरूर घ्या. पण निवाडा मुळातून वाचल्याशिवाय त्याचं नाव तोंडातून काढू नका, कारण शेवटी सही तुमची असते.

जाहिरातीबद्दल थोडंच बोलते. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांच्या दारात उभं राहून, येणाऱ्या पक्षकारांवर धावून जाऊन कागद हिसकावणाऱ्या वकिलांचं प्रकरण १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे होतं. वकिली हा धंदा नाही, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हा कठोर शब्दांत लिहिलं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला, वकिलांच्या जाहिरातीला मनाई करणारा ३६ वा नियम मोबाईलवरच्या रीलला लागू नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही.

आणि ज्याच्या बाजूने उभं राहायला गावात कुणी तयार नसतं, तो माणूस आला तर? १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’ या त्यांच्या मासिकातल्या मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला झाला. लैंगिक प्रश्नांवर उघडपणे लिहिणारा माणूस, पुण्यामुंबईत बदनाम. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, २०० रुपये दंड झाला. आज त्या खटल्यातला कोणता वकील आपल्याला आठवतो, ते पाहा. अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, असे ठराव बार असोसिएशन आजही करतात. असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये महंमद रफी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तुमच्या बाररूममध्ये असा ठराव आला, तर हात वर करू नका.

सभागृहात सिनिअर मंडळी बसली आहेत, त्यांनाही एक विनंती. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरांना शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावं, अशी शिफारस केली. शिफारसच आहे, सक्ती नाही, हे खरं. पण रिकाम्या खिशाच्या मुलाला आपण सचोटी शिकवतो, तेव्हा आपण त्याच्याकडून फार मोठी गोष्ट मागत असतो. मुलीच्या बाबतीत तर घरचे दुसऱ्याच वर्षी म्हणतात, पुरे झालं.

माझी ती गोष्ट अर्धी राहिली. सव्वा वर्षानंतर एका अर्जाच्या सुनावणीत उच्च न्यायालयाचा एक निवाडा माझ्या हाती होता. थेट माझ्या विरुद्ध जाणारा. समोरच्या वकिलाला तो सापडला नव्हता. मी उभी राहिले आणि तो स्वतः दाखवला. अर्ज फेटाळला गेला. पक्षकाराने संध्याकाळी येऊन फाईल परत नेली, राहिलेली फी बुडाली. पुढच्या सोमवारी दुसऱ्या एका कामात मी तारीख मागितली. न्यायाधीशांनी मान वर केली, क्षणभर पाहिलं, म्हणाले, “ठीक आहे, पंधरा तारीख.” बेंच क्लार्कचा हात सवयीने पुढे आला होता, तो त्याने मागे घेतला.

पण हा सगळा माझा हिशोब झाला. मी काय गमावलं, मी काय मिळवलं. हुकूम उठला त्या दिवशी दुपारी कोर्टाच्या व्हरांड्यात धाकटा भाऊ एकटाच उभा होता. मृगाचा पहिला पाऊस होऊन गेला होता, आणि ज्या आठ दिवसांत जमिनीला वापसा होता, त्या आठ दिवसांत माझ्या एका वाक्याने त्याला त्याच्याच शेतात पाय ठेवायची बंदी होती. बाहेर आता झड लागली होती. मी छत्री उघडत होते. तो भांडला नाही. जवळ आला आणि एखाद्या ओळखीच्या माणसाला सांगावं तसं म्हणाला, “मॅडम, हुकूम उठला खरा. पण वापसा गेला. यंदा भुईमूग नाही.”

मी काहीच बोलले नाही. छत्री उघडली आणि निघाले. त्याला द्यायचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.