नाती, मात्रिमोनी, मोर्ती
(गणेशोत्सवात मंडळात झालेल्या भाषणावरून)



दरवर्षी आम्ही दोघे समोर सतरंजीवर बसतो. यंदा आम्हालाच माइकपुढे उभे केले आहे, तेही इटलीवर बोलायला. इटली आम्ही पाहिलेली नाही. आमची लेक अमेरिकेत आहे, जावई तिथलाच, आणि व्याह्यांचे आजोबा इटलीतून आलेले. नातवाला शाळेत वंशवृक्ष काढायचा होता. आमची बाजू आम्ही फोनवर सांगितली. व्याह्यांच्या बाजूला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. आजोबा नेपल्सचे, आणि न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरच्या अधिकाऱ्याने त्यांच्या आडनावाचे शेवटचे अक्षर उडवले. निवृत्त माणसांना वेळ भरपूर, म्हणून शोधाचे काम आम्ही अंगावर घेतले.

दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या.

एलिस बेटाचे ठाणे 1892 मध्ये सुरू झाले. तिथे उतरणाऱ्यांच्या याद्या तिथे लिहीत नसत. निघण्याच्या बंदरातच जहाज कंपनीची माणसे त्या भरत आणि बेटावरचे कारकून त्या फक्त पडताळून पाहत. 1909 च्या यादीत आजोबांचे आडनाव पुरते, शेवटच्या अक्षरासकट आहे. अक्षर गळाले ते नंतर, नागरिकत्वाच्या अर्जावर, त्यांच्याच सहीत. व्याह्यांना हे सांगताना आम्हाला जरा अपराध्यासारखे वाटले. ही त्यांची आवडती गोष्ट होती.

नेपल्स हे तर नुसते बंदर. आपणही नाही का, विचारले की 'आम्ही कोकणातले' म्हणून मोकळे होतो! पण इटलीत गावाचे नाव नसेल तर शोध पुढे सरकत नाही, कारण जन्ममृत्यूच्या नोंदी गावागावाच्या नगरपालिकेत. नागरिकत्वाच्या अर्जावर गाव होते, पण अमेरिकन कारकुनाने ऐकून लिहिलेले. तसे गाव नकाशात कुठेच सापडेना.

मग आजीला शोधायला घेतले. ती दोन वर्षांनी मागून आली होती. चार महिने सापडली नाही, कारण आम्ही तिला नवऱ्याच्या आडनावाने शोधत होतो. इटलीत बायका लग्नानंतरही कागदोपत्री माहेरचेच नाव लावतात. हे कळल्यावर ती एका संध्याकाळात सापडली. 1907 नंतरच्या याद्यांत मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचा रकाना आहे. तिथे तिच्या वडिलांचे नाव आणि गाव, स्वच्छ अक्षरात. दक्षिणेतल्या पोटेन्झा प्रांतातले, डोंगरावरचे गाव.

त्या भागात नेपोलियनच्या राजवटीत, 1809 पासून, सरकारी नोंदी सुरू झाल्या. त्याआधीचे चर्चच्या वह्यांत पाहायचे. इटलीच्या सरकारी दप्तरखान्यांचे 'अंतेनाती', म्हणजे पूर्वज, या नावाचे संकेतस्थळ आहे. तिथे या नोंदवह्यांची पाने घरबसल्या, फुकट पाहता येतात. भाषा आम्हाला येत नाही, पण वह्यांची नावे लक्षात ठेवायला सोपी : नाती, मात्रिमोनी, मोर्ती. जन्म, लग्ने, मृत्यू. जन्माच्या वहीला 'नाती' म्हणतात हे वाचून सौभाग्यवती खूश झाल्या. तारखा मात्र अक्षरी लिहिलेल्या, आपल्या जुन्या खरेदीखतासारख्या. वर्षाच्या वहीच्या शेवटी बहुधा नावांची यादी असते. आधी ती पाहावी, नाहीतर डोळे जातात.

आजोबांचा जन्म 1882 चा सापडला. नाव तेच, आईबापांची नावे तीच. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. पण जहाजाच्या यादीत 1909 ला वय 24 लिहिलेले. तीन वर्षांचा फरक. वय थोडेफार चुकते, सोडून द्या, असे आमच्यातल्या एकाचे मत पडले. दुसऱ्याचे नाही. शेवटी 'मोर्ती' उघडली. ते बाळ आठव्या महिन्यात गेले होते. 1885 ला दुसरा मुलगा झाला आणि त्यालाही तेच नाव ठेवले.

तिकडे पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव द्यायची रीत आहे, आपल्यासारखीच. ते नाव घरात राहायलाच हवे, म्हणून मूल गेले तर पुढच्याला तेच. व्याह्यांचे नावही आजोबांचेच, आणि आमच्या नातवाचे मधले नाव तेच.

फोनवर हे सांगितले तेव्हा व्याही बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, आजी घरातल्या प्रत्येक बाळाला आठवा महिना सरेपर्यंत नावाने हाक मारू देत नसे. सगळे तिला विक्षिप्त म्हणत. सासूचे दुःख सुनेपर्यंत पोचले होते, आणि कारण मात्र कुणाला माहीत नव्हते. दोन्ही नोंदी छापून त्यांनी देवघरात, म्हणजे त्यांच्या मेरीच्या मूर्तीपाशी, ठेवल्या आहेत. पुढच्या उन्हाळ्यात मुलगा त्यांना त्या गावी नेणार आहे. गुडघ्यांनी साथ दिली तर.

नातवाने मग विचारले, तुमच्या बाजूला पणजोबांच्या मागे रिकामेच का? गायकवाडांच्या चाकरीत बडोद्याला आलो, एवढेच आम्ही आजवर सांगत आलो. मूळ गाव कोणते, सांगता येईना. गेल्या माघात त्र्यंबकेश्वरला गेलो. उपाध्यायांनी वही काढली. आमच्या आडनावाखाली खापरपणजोबांच्या हातच्या चार ओळी आहेत, मोडीत. आम्हाला एक अक्षर लागले नाही. फोटो बरोबर आणला आहे. इथे कुणाला मोडी वाचता येत असेल, तर आरतीनंतर पाच मिनिटे आमच्याजवळ थांबावे.