नाईक यशवंत घाडगे यांचे स्मरण



आपल्या मंडपात आज देणगीदारांची नावे दगडावर कोरली गेली आहेत. असेच एक नाव दूर इटलीत, कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. ते आपल्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे सुपुत्र यशवंत घाडगे यांचे.

दिनांक १० जुलै १९४४. टायबर नदीचे वरचे खोरे. शत्रूच्या मशीनगनपुढे मराठा पलटणीच्या त्यांच्या तुकडीतील सारे जवान ठार अगर जखमी झाले. उरले एकटे नाईक घाडगे. ते तसेच धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकास गोळी घातली. पुन्हा काडतुसे भरण्यास सवड नव्हती, तेव्हा बंदुकीच्याच तडाख्याने दोघांना लोळवले. इतक्यात लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. जिंकलेल्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. वय अवघे २२!

युद्ध परक्या सरकारचे होते, हे खरेच. म्हणून का पोराचे रक्त परके? मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण समाधीचा पत्ता नाही. ज्यांच्या देहाचे ठिकाण कळले नाही, अशांच्याच नावांसाठी कॅसिनोचे ते स्मारक आहे.

२०२३ साली तिकडच्या मोंतोने गावी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभे राहिले. माणगावात त्यांचा पुतळा आहे; बाजाराला जाता-येता शेजारून जाणारे पुष्कळ, थांबून नाव वाचणारे थोडे.