लेखणीचा आधार काढावा काय?

चित्रकारांच्या मेजावर हल्ली एक काळी पाटी दिसते. तिच्यावर लेखणी फिरवावी आणि रेघ उमटावी ती समोरच्या पडद्यावर. हिला ग्राफिक्स टॅब्लेट म्हणतात. वाकोम या जपानी कंपनीच्या लेखणीत तर बॅटरीही नसते. पाटीच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रावरच तिच्यातील तारेचे वेटोळे चालते. लेखणी कोठे टेकली, किती दाबली, कोणत्या अंगाला कलली, हे पाटी संगणकाला क्षणोक्षणी कळवीत असते. दाबाच्या 8192 पायऱ्या ओळखणाऱ्या पाट्या आज सर्रास मिळतात.

परंतु हा निरोप चित्रापर्यंत सरळ पोचत नाही. आधी तो पाटीच्या ड्रायव्हरकडे जातो, तेथून विंडोजसारख्या संगणकप्रणालीकडे, तेथून फ्रेमवर्ककडे, आणि मग चित्राच्या सॉफ्टवेअरकडे. फ्रेमवर्क म्हणजे तयार जोते. खिडक्या, बटणे, अक्षरे ही सामग्री त्यात आयती असते. त्यावर ज्याने त्याने आपले घर बांधावे. या जोत्यातच लेखणीचा निरोप बिघडला, तर वरच्या घरात त्याचा उपाय सापडत नाही. रेघेचा आरंभ भलतीकडे उडतो; दाब नाहीसा होऊन सगळी रेघ एकाच जाडीची येते; दोन पडदे जोडले असतील तर लेखणी एकावर आणि खूण दुसऱ्यावर.

मग जोते बांधणाऱ्यांत वाद उपस्थित होतो, हा सदोष आधार ठेवावा की काढून टाकावा? काढावा म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. पाट्यांच्या बनावटी असंख्य, प्रत्येकीचा ड्रायव्हर निराळा, आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या घरी त्यांतली एखादीच. जी वस्तू हाती नाही तिचा दोष तपासणार कसा? शिवाय अर्धवट आधार हा पुष्कळदा निराधारापेक्षा वाईट असतो. आधार नाही असे स्पष्ट सांगितले, तर वरचा कारागीर आपली सोय आपण पाहील. आहे म्हटले, की तो विश्वासून बसतो.

याचे खरेखुरे उदाहरण आहे. क्रिता हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर कोणासही मोफत मिळते. ते क्यूट नावाच्या फ्रेमवर्कवर उभे आहे. लेखणीसाठी अनेक वर्षे क्रिताने क्यूटवरच भिस्त ठेवली. परंतु विंडोजवर वाकोमखेरीज इतर बनावटीच्या पाट्या तीत नीट चालत नसत. अखेर 2014 च्या मार्चमध्ये 2.8 ही आवृत्ती निघाली, तेव्हा क्रिताच्या मंडळींनी लेखणीपुरता स्वतःचा भाग लिहून काढला. त्यांना ते साधले, कारण क्यूटची मूळ संहिता वाचावयास व बदलावयास खुली आहे, आणि हे काम जाणणारी माणसे त्यांच्यात होती. एकट्यादुकट्या कारागिराला ते कोठून साधणार?

आमच्या सिल्वासाच्या परिसरात वारली वस्ती मोठी आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर, टोक ठेचलेल्या बांबूच्या काडीने, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा ओढण्याची ही कला. तिला दाबाच्या आठ हजार पायऱ्या नकोत, हे खरे. परंतु तारपा वाजविणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचे वेटोळे काढताना रेघ मध्येच उडून चालेल काय? कोणी वारली तरुण ही चित्रे पाटीवर काढून विकू पाहील, तर तो महागडी पाटी घेणार नाही, स्वस्तातली घेईल. आणि नेमक्या स्वस्त बनावटीच आधी वाऱ्यावर सुटतात! वापरणारे थोडे, म्हणून आधार काढा, हा हिशेब मला पटत नाही तो येथे. थोड्यांची असली तरी ती त्यांची भाकर आहे.

यंत्राला जमत नाही, सबब वगळा, ही तोड मराठी माणसाला नवी नव्हे. छापखान्याच्या व टंकयंत्राच्या सोयीसाठी काका कालेलकरांनी आणि सावरकरांनी इ, उ या स्वतंत्र अक्षरांऐवजी अ लाच वेलांटी व उकार देण्याचा पुरस्कार केला. 1953 च्या लखनौ परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याची शिफारस केली. ती पुढे मागे घ्यावी लागली. या मंडळींना वेडे कोणी म्हणू नये. खिळे जुळविणाऱ्याचे हाल त्यांनी पाहिले होते. पण आज संगणक तीच वेलांटी व्यंजनानंतर साठवतो आणि पडद्यावर व्यंजनाआधी दाखवतो. यंत्र शिकले, वेलांटी जागची हलली नाही.

तेव्हा माझे मत असे. सदोष आधार आंधळेपणाने चालू ठेवू नये. परंतु काढावयाचा तर लेखणीचा मूळ निरोप, न बदलता, वरच्या कारागिराला मिळण्याची वाट आधी मोकळी करावी. लेखणीला उंदीर समजून, म्हणजे माऊस समजून, तिचा दाब गिळून टाकणारा फ्रेमवर्क मात्र कोणाच्याच कामाचा नाही. कोणत्या पाट्या तपासल्या व कोणत्या नाहीत, हे आवृत्तीबरोबर छापावे. आणि दोष कळविणाऱ्या चित्रकाराकडूनच, त्याच्याच पाटीवर, दुरुस्ती तपासून घ्यावी. त्याला संहिता कळत नसली तरी रेघ कळते.

आपल्यापैकी कोणी क्रिता वापरीत असाल, तर एक सोय ध्यानात ठेवा. 2017 च्या 3.3 आवृत्तीपासून विंडोजवर लेखणीचा निरोप घेण्याच्या दोन वाटा तीत आहेत. एक विनटॅब ही जुनी, दुसरी विंडोज इंक ही नवी. रेघ बिघडू लागली, तर पाटी फेकण्याआधी टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसरी वाट निवडा आणि क्रिता बंद करून पुन्हा उघडा.