सद्ग्रंथ आणि ख्रिस्ती घर
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपण देवाच्या उपकारांचें स्मरण करीत आहों. मंदिर बांधणारे हात, वर्गणी देणारीं कुटुंबें, मुलांस धर्मशिक्षण देणाऱ्या माताभगिनी या सर्वांचा गौरव आज येथें झाला, व तो यथायोग्यच आहे. परंतु ज्या एका उपकारकर्त्याचें नांव अशा वेळीं सहसा कोणी घेत नाहीं, त्याविषयीं चार शब्द बोलण्याची आम्हांस अनुज्ञा असावी. तो उपकारकर्ता म्हणजे सद्ग्रंथ होय.

१५२१ सालीं पाम्प्लोनाच्या लढाईंत तोफेच्या गोळ्यानें पाय मोडलेला एक शिपाईगडी लोयोला येथील आपल्या घरीं अंथरुणास खिळून होता. वेळ जाईना, म्हणून त्यानें शूरांच्या अद्भुत कथा वाचावयास मागितल्या. तशीं पुस्तकें घरांत नव्हतीं. होतीं तीं दोनच: एक ख्रिस्तचरित्र व एक संतांचीं चरित्रें. तींच त्याला देण्यांत आलीं, आणि त्या वाचनांतून संत इग्नासियुस घडले. पुस्तकें ठेवणाऱ्यास पुढचें काय ठाऊक असणार? त्यानें तीं घरांत ठेविलीं, एवढेंच!

त्याच संतांनीं स्थापिलेल्या येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ सालीं गोव्यास आले. जन्मानें इंग्रज; परंतु मराठी भाषा त्यांनीं अशी आत्मसात केली कीं, तिच्यांत १०,००० हून अधिक ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचलें. पुराणश्रवणांत वाढलेल्या लोकांस नव्या धर्मांतही कानांस गोड व मनास पौष्टिक असें कांहीं हवें होतें. ही भूक त्यांनीं ओळखली. १६१६ सालीं तो ग्रंथ राशोल येथें रोमन लिपींत छापला गेला.

पुढें काय झालें तें आपण लक्षपूर्वक ऐकावें. १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेविरुद्ध हुकूम काढला. सतराव्या शतकांत छापलेल्या ख्रिस्तपुराणाची एकही प्रत आज अभ्यासकांस ठाऊक नाहीं. तरी ग्रंथ नष्ट झाला नाहीं. भाविकांनीं त्याच्या हातानें नकला केल्या, पोथ्या जपल्या, एकानें वाचावें व इतरांनीं ऐकावें असा परिपाठ ठेविला. अशा हस्तलिखितांवरूनच जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुनः प्रसिद्ध केला, आणि १९५६ सालीं पुण्यास तो देवनागरींत निघाला. छापखान्याच्या प्रती गेल्या. वाचणाऱ्यांनीं राखलेल्या पोथ्या उरल्या. ग्रंथ श्रद्धा राखतो हें खरें. परंतु ग्रंथास राखणारी मंडळी नसेल तर तो तरी काय करील?

कोणी म्हणेल, "फादर, आम्ही कष्टकरी माणसें, मिस्सेंत ऐकतों तेवढें पुरे." बंधुहो, मिस्सेंतील देवशब्दास तोड नाहीं. पण बी पेरल्यावर पाणी नको काय? प्रेषितांच्या कृत्यांत इथिओपियाचा एक अधिकारी रथांत बसून यशयाचा ग्रंथ वाचीत चालला होता. तो मोठ्यानें वाचीत होता, म्हणूनच फिलिपाच्या कानीं तें पडलें. फिलिपानें अर्थ सांगितला आणि वाटेवरच्या पाण्यांत त्याचा बाप्तिस्मा झाला. घरांत एकास वाचतां आलें, कीं सर्वांस ग्रंथ लाभतो.

मग कोणतें पुस्तक चांगलें? इग्नासियुसांचाच अनुभव कसोटी समजावा. ऐहिक वैभवाच्या कल्पनांत त्यांचें मन रमे, पण मागाहून तें कोरडें व उदास होई. संतांच्या मार्गाचा विचार केल्यावर मात्र आनंद मागें राही. पुस्तक मिटल्यावर मनांत काय उरतें तें पाहावें. मोबाईलवर वाचावें तेथेंही हीच कसोटी लावावी.

आज आपल्याकडे जुनीं घरें पाडून नवीं उभीं राहत आहेत. देवघराची जागा नकाशांत असते. पुस्तकांच्या फळीची मात्र आठवण राहत नाहीं. आजोबांची प्रार्थनापुस्तकें, संतचरित्रें, हस्तलिखित गीतांच्या वह्या रद्दीबरोबर जातात. ज्या पोथ्यांनीं हुकुमांस दाद दिली नाहीं, त्या आपल्या हातून वजनावर विकल्या जाव्यात काय?

म्हणून या ज्युबिलीच्या वर्षीं आमची आपणांस तीन गोष्टींची विनंती आहे. घरांत पुस्तकांस एक फळी द्यावी. सायंकाळच्या जपमाळेनंतर दहा मिनिटें एकानें मोठ्यानें वाचावें, व तें काम शक्य तों मुलांकडे द्यावें. आणि जुना कागद टाकण्यापूर्वीं तो आपल्या धर्मगुरूस एकदां दाखवावा.

फळीवरचें कोणतें पुस्तक कोणत्या आजाऱ्याच्या, कोणत्या मुलाच्या हातीं केव्हां पडेल, हें देवच जाणे. तें तेथें असावें, एवढें काम आपलें. शब्द होऊन आपणांमध्यें आलेला प्रभु आपल्या घरांस आशीर्वाद देवो.