मोटारींतील खडखडाटाचा शोध

वसईजवळचें जूचंद्र हें चंडिकादेवीच्या टेकडीमुळें अनेकांस ठाऊक असलेलें गांव. वसई-दिवा लोहमार्गावर त्याचें स्टेशन आहे, मुंबई-अहमदाबाद महामार्गही फारसा दूर नाहीं, आणि आसपास खाड्या व मिठागरें आहेत. समजा, पावसाळा सरल्यावर येथील एक कुटुंब मोटारीनें मुंबईस निघालें आहे. पहिल्याच खड्ड्याबरोबर कोठूनशी "खड्-खड्" ऐकूं येते. वडील म्हणतात, आवाज मागून येतो. आई म्हणते, पुढून. मुलाची खात्री अशी, कीं तो त्याच्याच बैठकीखालीं आहे. शेवटीं वादाला कंटाळून कोणीतरी रेडिओ मोठा करतो. अनेक घरांतील शोध येथेंच संपतो, आणि चूक होते तीही येथेंच.

तिघांचीं तीन मतें होणें स्वाभाविक आहे. मोटार ही पत्र्याची बंद पेटी. एका टोकास झालेला आघात पत्र्यांतून दुसऱ्या टोकास पोंचतो आणि काचांवर आपटून परत फिरतो. म्हणून केवळ कानावर विसंबून चालत नाहीं. परिस्थिति एकेक करून बदलावी आणि आवाज बदलतो काय, हें पाहावें.

आरंभ अगदीं साध्या गोष्टीपासून करावा. डिकी, दारांचे कप्पे व बैठकींखालची जागा रिकामी करावी. पुष्कळदां गुन्हेगार निघतो तो सुटलेला जॅक, पाना, पाण्याची बाटली किंवा सैल बसलेली स्टेपनी. एवढ्यानें आवाज थांबला नाहीं, तर एकानें सावकाश मोटार हांकावी व दुसऱ्यानें मागें बसून टिपून ठेवावें: वेग किती होता, रस्ता कसा होता, वळण होतें काय, ब्रेक दाबला होता काय.

पुढची परीक्षा मोकळ्या जागीं, मोटार उभी ठेवून करावी. गिअर न्यूट्रलमध्यें ठेवून व हातब्रेक ओढून इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. चार सिलिंडरांचें नेहमींचें इंजिन मिनिटास ९०० फेरे घेत असेल, तर तें सेकंदास ३० धक्के देतें. १५०० फेऱ्यांस ५०. तंबोऱ्याची एक तार छेडली असतां तिच्याशीं जुळलेली दुसरी तार आपोआप थरथरते. त्याचप्रमाणें ज्या सैल पत्र्याचें स्वाभाविक कंपन या धक्क्यांशीं जुळतें, तो तेवढ्याच वेगाला वाजूं लागतो आणि वेग बदलतांच गप्प होतो. यालाच अनुनाद म्हणतात. सायलेन्सरवरील उष्णतारोधक पत्रा हा यांतला नेहमींचा आरोपी. खाडीकांठच्या खारट दमट हवेंत त्याचे पट्टे गंजून सुटतात. त्याला हात लावावयाचा तो इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच.

उभ्या मोटारींत आवाज नसेल, तर कारण चाकें, रस्ता व बांधणी यांत शोधावें. लहान मोटारीच्या चाकाचा घेर सुमारें १.८ मीटर असतो. ताशीं ४० किलोमीटर वेगांत तें सेकंदास सहा फेरे घेतें. त्याच लयींत "टक्-टक्" होत असेल, तर प्रथम टायरच्या खांचेंत अडकलेला खडा पाहावा. केवळ खड्ड्यांतच ठोका बसत असेल, तर शॉकॲब्सॉर्बर व रबरी बुश तपासून घ्यावेत. डॅशबोर्ड किंवा दाराचें आंतील आवरण करकरत असेल, तर चालकाशेजारी बसलेल्यानें तें तळहातानें दाबावें; आवाज थांबला, कीं जागा सांपडली. तेथें नमद्याची किंवा कापडाची बारीक पट्टी पुरते. मात्र एका वेळीं एकच उपाय करावा. एकदम चार केले, तर कोणता लागू पडला तें कळत नाहीं.

कांहीं आवाज मात्र त्रासाचे नसून इशाऱ्याचे असतात. ब्रेक दाबतांना धातूवर धातु घासल्यासारखा आवाज येणें, पूर्ण वळणावर "कट्-कट्" होणें किंवा चाकापाशीं वाढत जाणारा ठोका, यांस घरगुती पट्टी चालत नाहीं. चाकाचे नट सैल असल्याची शंका येतांच मोटार बाजूस घेऊन थांबवावी. ब्रेकपॅड झिजल्याची किंवा ड्राइव्ह शाफ्टचा सांधा खिळखिळा झाल्याची शंका असेल, तर मेकॅनिककडे जाण्यास विलंब लावूं नये.

कानाला कोणत्याही आवाजाची संवय होते. महिन्याभरानें तीच खडखड त्या कुटुंबास ऐकूंही येणार नाहीं, आणि तिच्या आड उद्यां ब्रेकची तक्रारही दडून राहील. म्हणून क्षुल्लक खडखडही वेळींच शोधून मिटवावी. मोटार शांत असली, म्हणजे तिचा खरा इशारा ऐकूं येतो.