जामीन मिळाला, सुटका नाही



तुरुंगाधिकारी म्हणून माझी उमेदीची वर्षे महाराष्ट्रातल्या कारागृहांत गेली. लोक मला विचारतात ते नामचीन गुंडांविषयी आणि फाशी यार्डाविषयी. आज मी बोलणार आहे ते ज्यांचे नाव वर्तमानपत्रात कधी येत नाही, त्या बंद्यांविषयी.

आमच्या खात्याच्या नावात ‘सुधारसेवा’ हा शब्द आहे. अधिकाऱ्याचा दिवस मात्र गिनतीने सुरू होतो. बराकी उघडायच्या, माणसे मोजायची, आकडा रजिस्टरशी जुळवायचा. मग कोर्टाच्या तारखा, आजारी बंदी, मुलाखती, नव्याने आलेल्यांची झडती. संध्याकाळी पुन्हा गिनती आणि टाळे. बराक दुप्पट भरली की रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावे लागते. भांडणे होतात ती नळावर आणि संडासाच्या रांगेत. ती सोडवण्यात ज्याचा दिवस जातो, त्या शिपायाने कोणाच्या मनात डोकावून पाहायचे आणि कधी?

ही गर्दी कोणाची आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे २०२२च्या अखेरचे आकडे पाहा. देशातल्या कारागृहांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी, म्हणजे ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो ते. क्षमता आणि कच्चे कैदी, हे दोन आकडे शेजारी ठेवा. शिक्षा झालेला एकही माणूस आत नसता, तरी आपले तुरुंग जवळजवळ भरलेलेच राहिले असते!

आता सुधारणेच्या सोयी कोणासाठी आहेत ते पाहू. कारखान्यातले काम, चांगल्या वागणुकीबद्दल मिळणारी माफी, संचित रजा, खुले कारागृह, हे सारे मुख्यतः पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्यासाठी. त्या वाटेने माणूस बदलतो, याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली स्वतंत्रपूरची मुक्त वसाहत उभी राहिली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकारातून ती घडली. शिक्षा झालेली माणसे तिथे बायकामुलांसह राहून शेती करू लागली. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’मागे हाच प्रयोग आहे. विश्वास टाकला की बहुतेक माणसे त्याला जागतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

म्हणून एक विसंगती मला सतत टोचत राहिली. गुन्हा शाबीत झालेला माणूस काही वर्षांनी कुंपण नसलेल्या शेतात काम करू शकतो. गुन्हा शाबीत न झालेला मात्र कुलपाआड नुसता तारखेची वाट पाहतो.

यातल्या काहींना तर न्यायालयाने जामीन दिलेला असतो. आदेश झालेला असतो, पण हमीदार मिळत नाही. ऊसतोडीला किंवा बांधकामावर परगावाहून आलेल्या मजुराने ऐपतदार जामीनदार आणायचा कुठून? घरपट्टीची पावती, सातबारा, शिधापत्रिका घेऊन त्याच्यासाठी कोर्टात कोण उभे राहणार? अशी माणसे मुलाखतीच्या दिवशी खिडकीकडे फिरकतही नाहीत, कारण त्यांना भेटायला येणारे कोणी नसते.

कायद्याने हे दुखणे ओळखलेले आहे. हुसैनआरा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ सालीच बिहारमधल्या अशा बंद्यांची दखल घेतली. २०२३ साली त्याच न्यायालयाने सांगितले, की जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावे. त्याच वर्षी आलेल्या केंद्राच्या योजनेत गरीब न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटकेची वाट देते. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले बंदी त्यातून वगळले आहेत. सुटकेचा अर्ज न्यायालयाकडे करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावरच आहे.

माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी सांगतो, की हा अर्ज म्हणजे कारकुनी नव्हे, तीच आपली पहिली सुधारसेवा. गिनतीइतक्याच काटेकोरपणे अशा बंद्यांची यादी दर आठवड्याला तपासली पाहिजे.

ज्यांच्या घरातला माणूस मारला गेला, ज्यांची लेक नासवली गेली, त्यांचे दुःख मी विसरलेलो नाही. काही माणसे आत राहणेच समाजाच्या हिताचे असते. पण त्यांच्यावर लक्ष ठेवायलाही मनुष्यबळ लागते आणि ते आज गर्दी सांभाळण्यात संपते. पीडितांना हवा असतो वेळेवर निकाल. हमीदाराअभावी अडकलेल्या मजुरामुळे तो एक दिवसही लवकर लागत नाही.

श्रोतेहो, तुमच्याकडे माझे मागणे साधे आहे. वकिलांनी महिन्यातून काही खटले विधी सेवा प्राधिकरणामार्फत घ्यावेत. निवृत्त कर्मचाऱ्यांनी कागदपत्रे जुळवायला हातभार लावावा, परगावच्या बंद्याच्या घरी एक फोन करावा. कारखानदारांनी सुटून आलेल्याला अर्जावरूनच परत पाठवू नये, आधी त्याला समोर बसवून बोलावे. माणूस सुधारायचा असेल, तर आधी ज्याला आत ठेवण्याचे कारण उरलेले नाही, त्याला घरी पाठवले पाहिजे. ते काम तुरुंगाबाहेरच्या माणसांवाचून होणार नाही.