झडप कोणती बसवायची, हे कोणी ठरवायचं?

आर्णी तालुक्यातल्या आमच्या बचत गटाच्या बाया आज तुमच्याशी बोलत आहोत. वेचणीचे दिवस आहेत, मोबाइल ओटीत ठेवून ऐकत असाल. म्हणून वेचणीपासूनच सुरू करतो.

आमच्या गटात चोवीस वर्षांची एक सून आहे. नाव सांगत नाही, तिनं सांगायला परवानगी दिली तेवढंच सांगतो. अर्धी ओटी भरली की ती धुऱ्यावर जाऊन बसे. आम्हीच म्हणायचो, नव्या पोरींमध्ये जोरच नाही. मग रात्री सपाट झोपली की खोकला येऊ लागला, दोन उशा लागू लागल्या. रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या. त्यात एक वर्ष गेलं. शेवटी यवतमाळला छातीचा इको काढला तेव्हा कळलं की हृदयाच्या दोन झडपा खराब आहेत.

झडप म्हणजे काय, हे आपल्याला विहिरीवरच्या मोटारीवरून लवकर समजते. पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. हृदयात असे चार आहेत. तिची एक झडप आकसली होती. नीट असते तेव्हा ती चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते, हिची जेमतेम एक उघडत होती. दुसरी थोडी गळत होती. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी घसा दुखून ताप, मग गुडघे-घोटे सुजले होते का? तिच्या आईला आठवलं, पाचवीत असताना महिनाभर शाळा बुडाली होती. तोच सांधेवाताचा ताप. सांधे बरे होतात, झडपेवर मात्र डाग ठेवून जातो.

आता खरी अडचण सुरू झाली. एका दवाखान्यात सांगितलं, दोन्ही झडपा बदला, उशीर नको. दुसरीकडे सांगितलं, छाती उघडू नका, फुग्यानं काम होईल. घरात दोन तट पडले. सासरे शेत गहाण ठेवायला निघाले. सासूबाई म्हणाल्या, “आधी नातू होऊ द्या, मंग पाहू.” ती भिंतीला टेकून ऐकत होती. तिला कोणी विचारलंच नाही. आम्हीही नाही, हे कबूल करतो.

सासूबाईंच्या बोलण्यात धोका होता. बाळंतपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होते. आकसलेल्या दारातून एवढं रक्त जात नाही, ते फुप्फुसात तुंबते. आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. झडप आधी, लेकरू नंतर, हाच क्रम.

नागपूरला हृदयाचे डॉक्टर आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर एकत्र बसले. घशातून नळी टाकून पुन्हा तपासणी झाली. आमच्यातल्या दोघी सोबत होतो. तिनं तिथं पहिल्यांदा तोंड उघडलं. “डॉक्टरसाहेब, मले लेकरू होईन का?” दोन्ही डॉक्टर तिच्याकडे वळले, आणि बोलणंच बदललं.

त्यांनी समजावलं ते असं. धातूची झडप अनेक वर्षं टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. ती गोळी पोटातल्या बाळाला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, घातक ठरू शकते. जनावराच्या पडद्याची झडप घेतली तर ती गोळी बहुधा काही महिनेच लागते, पण तरुणपणी ती झडप लवकर झिजते, पुन्हा छाती उघडावी लागते. फुगा म्हणजे मांडीच्या शिरेतून नळी नेऊन चिकटलेली झडप उकलायची. जपानच्या डॉ. इनोउए यांनी १९८२मध्ये ही पद्धत सुरू केली. पण झडप मऊ हवी, हृदयात रक्ताची गाठ नको, त्याच झडपेची गळती फार नको. हिचं हे तिन्ही जमत होतं. दुसऱ्या झडपेची गळती सौम्य होती, ती थांबू शकत होती. म्हणून फुगा ठरला. कधी झडप फाटते आणि लगेच ऑपरेशन करावं लागते, काही वर्षांनी ती पुन्हा आकसू शकते, हेही तिला तोंडावर सांगितलं. तिनं ऐकून सही केली.

आमच्याच गटातल्या एका पंचेचाळिशीच्या ताईंचं उलट झालं. त्यांची झडप चुन्यासारखी कडक, शिवाय गाठ. फुगा शक्य नव्हता. लेकरं मोठी झालेली, त्यांनी धातूची घेतली. आपल्या देशात अशी झडप त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूनं बनवली. आधीचे तीन नमुने फसले, चौथा जमला, आणि डिसेंबर १९९०मध्ये पहिल्या रुग्णाला बसला.

पण ताईंचं खरं काम घरी आल्यावर सुरू झालं. रोज ठरल्या वेळी गोळी, आणि रक्ताची आयएनआर तपासणी. गोळी कमी पडली तर झडपेवर गाठ, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून झडप निवडण्याआधीच विचारा, ही तपासणी आपल्या जवळ कुठे होते, जायला भाडं किती, रोजी किती बुडते. हा प्रश्न डॉक्टर नेहमी विचारत नाहीत. एकानं ताईंना सांगितलं, तपासणी नको असलेली नवी गोळी घ्या. धातूच्या झडपेला ती चालत नाही. झडप बदललेली नसली, पण सांधेवातानं आकसली आणि ठोके अनियमित झाले, तरी जुनीच गोळी बरी. २०२२मध्ये साडेचार हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात जुन्या गोळीवर मृत्यू कमी दिसले. त्यात बहुतेक बायाच होत्या. मेथी-पालक सोडायची गरज नाही, एकदम कमीजास्त करू नका एवढंच. दात काढायचा असला तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, गोळी मनानं बंद करू नका.

खर्चाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत झडपेचे उपचार आहेत. मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. शेत गहाण ठेवायची वेळ आमच्याकडे आली नाही.

सुनेचा फुगा होऊन आठ महिने झाले. आता एका उशीवर झोपते. दर एकविसाव्या दिवशी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेते, पुन्हा ताप येऊन झडप बिघडू नये म्हणून. कॅलेंडरवर गोल सासूबाई करतात. लेकराचं पुढच्या इकोनंतर पाहू, असं डॉक्टर म्हणालेत. इकोला जाताना यावेळी सासूबाई सोबत येणार आहेत. आम्ही त्यांना एकच सांगून ठेवलं आहे, आत गेल्यावर आधी तिला बोलू द्या.